अनोळखी लिपीच्या प्रदेशात: उपयोजित कलेच्या शिक्षणातील प्रवासाविषयी खुले पत्र

प्रति,
कला संचालक, महाराष्ट्र राज्य, तसेच राज्यातील विद्यापीठांच्या उपयोजित कला विषयाच्या अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सदस्य यांस

विषय: शैक्षणिक सहलीच्या जागी मुक्कामी क्षेत्राभ्यास सुरू करण्याबाबत

महोदय, महोदया,

ग्राफिक डिझाइन म्हणजे अक्षरे, चित्रे, चिन्हे, रंग आणि मोकळी जागा यांची अशी मांडणी, की जिच्यामुळे एखादा मजकूर पाहणाऱ्यापर्यंत नेमका आणि विनासायास पोहोचतो. ही विद्या महाराष्ट्रात उपयोजित कला या नावाने शिकवली जाते, आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १९३५ साली तिचा विभाग सुरू झाल्यापासून तिने राज्याला जाहिरातकला, पुस्तकांची मुखपृष्ठे, मराठी नाटकांच्या जाहिरातींतील अक्षरांकन आणि मुद्राक्षरे यांची मोठी परंपरा दिली आहे. त्या परंपरेविषयीच्या आदरातूनच हे पत्र लिहिले जात असून त्यातील मागणी एकच आहे: पदवीच्या चार वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्याने किमान सहा आठवडे अशा ठिकाणी राहून काम करावे, जिथली लिपी त्याला वाचता येत नाही, आणि त्या कामाचे मूल्यमापन तिथल्या माणसांच्या सहभागाने व्हावे.

प्रवास आजही अभ्यासक्रमात आहे, हे मान्य करायला हवे. शैक्षणिक सहल जवळपास प्रत्येक महाविद्यालयात निघते; विद्यार्थी लेण्यांसमोर बसून रेखाटने करतात, किल्ल्यांची व बाजारांची छायाचित्रे घेतात, परतल्यावर त्यांचे प्रदर्शन भरते आणि पुढच्या आठवड्यात नेहमीचे वर्ग सुरू होतात. निसर्गचित्र रंगवणाऱ्याला अशा सहलीतून बरेच काही मिळते, कारण त्याला हवा असलेला प्रकाश आणि आकार पाहताक्षणी हाती येतो. दृश्यसंवाद शिकणाऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याला जे शिकायचे आहे ते वस्तूत थोडे आणि वस्तू वापरणाऱ्या माणसांच्या व्यवहारात फार असते. पाटी कोण वाचतो, किती अंतरावरून वाचतो, वाचून कुठे वळतो, आणि जो वाचू शकत नाही तो कोणाला विचारतो, हे चार दिवसांच्या मुक्कामात दिसत नाही. संगणकाच्या पडद्यावर जगभरातील पाट्यांची चित्रे एका क्षणात गोळा करता येण्याच्या काळात तर केवळ चित्रे जमवण्यासाठी केलेल्या प्रवासाला अर्थ उरलेला नाही, कारण त्या चित्रांत आकार येतो, पण आकारमान, अंतर, ऊन आणि चालणाऱ्याचा वेग येत नाही.

अनोळखी लिपीचा आग्रह का, याचे कारण वाचनाच्या स्वभावातच आहे. ज्याला लिपी येते त्याची नजर अक्षरावर थांबत नाही, ती अक्षर ओलांडून थेट अर्थावर जाते. म्हणूनच लहानपणापासून देवनागरी वाचणाऱ्या विद्यार्थ्याला शिरोरेखेची जाडी, काना आणि अक्षर यांतले अंतर किंवा वेलांटीचा झोक या गोष्टी मुद्दाम दाखवून द्याव्या लागतात. लिपी येत नसली की नजर आकारावरच अडते आणि कोणते वळण वारंवार येते, कोणता भाग जड आहे, एक शब्द कुठे संपतो, हे शोधू लागते. याहून महत्त्वाचे असे की, त्या ठिकाणी हा सुशिक्षित तरुण प्रथमच निरक्षर ठरतो. बसस्थानकावर उभे राहून कोणती गाडी कुठे जाते हे न कळणे, औषधाच्या पाकिटावरचे काहीही न समजणे, सरकारी कार्यालयात एका दारातून दुसऱ्या दारात जाणे, हा अनुभव या देशातील कोट्यवधी माणसांना रोज येतो आणि ज्यांच्यावर त्या पाट्या व ती पाकिटे घडवण्याची जबाबदारी असते त्यांना तो सहसा कधीच आलेला नसतो. वर्गात ‘वापरकर्ता’ हा शब्द शिकवता येतो. न वाचता येण्याची अडचण वर्गात शिकवता येत नाही.

न वाचणाऱ्यासाठी संकल्पन करणे हे काही दुय्यम काम नव्हे, आणि परक्या भूमीवर जाऊन ते शिकल्याचे विसाव्या शतकातले ठळक उदाहरण मेक्सिकोचे आहे. १९६८ च्या ऑलिंपिक स्पर्धांसाठी लान्स वायमन हा तिशीच्या आतला अमेरिकन डिझाइनर १९६६ च्या अखेरीस पीटर मर्डॉक या ब्रिटिश सहकाऱ्यासह मेक्सिको सिटीत आला. आयोजन समितीचे प्रमुख पेद्रो रामिरेझ वाझ्केझ हे वास्तुविशारद होते आणि १९६४ साली खुले झालेले तिथले राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय त्यांनीच उभारले होते. त्या संग्रहालयातील कोलंबसपूर्व शिल्पे आणि ह्विचोल या आदिवासी समाजाची, रंगीत धाग्यांच्या समांतर रेषांनी भरलेली चित्रे यांच्या सहवासात स्पर्धेचे बोधचिन्ह घडले: ऑलिंपिकची पाच वर्तुळे ६८ या आकड्यात गुंफली गेली आणि त्यांच्या रेषा तरंगांसारख्या पसरत जाऊन देशाच्या नावाची अक्षरे त्यांतूनच निघाली. हे चिन्ह जगभर गाजले. मात्र ते घडवण्यात एदुआर्दो तेर्राझास यांच्यासारख्या मेक्सिकन सहकाऱ्यांचा वाटा किती होता यावरचा वाद दीर्घकाळ चालू राहिला, हेही विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे, कारण परक्या भूमीवर केलेल्या कामात श्रेयाचा प्रश्न नेहमीच येतो आणि तो आधीच सोडवून ठेवावा लागतो. १९६८ सालीच २ ऑक्टोबरला, स्पर्धा सुरू होण्याच्या अवघे काही दिवस आधी, त्लातेलोल्को चौकात निदर्शक विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. विद्यार्थी चळवळीने आपल्या निषेधाच्या भित्तिपत्रकांसाठी ऑलिंपिकचीच दृश्यभाषा उलटवून वापरली. एखादी दृश्यभाषा खरोखर त्या भूमीतील झाली की तिच्यावर तिच्या निर्मात्याची किंवा सरकारची मालकी राहत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल.

तरीही उपयोजित कलेच्या विद्यार्थ्याने ऑलिंपिकपेक्षा मेक्सिको सिटीतलेच त्यानंतरचे काम अधिक बारकाईने पाहावे. १९६९ साली मेक्सिको सिटीची मेट्रो सुरू झाली तेव्हा प्रवाशांमध्ये न वाचता येणाऱ्यांची संख्या मोठी होती, म्हणून प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक स्वतंत्र चित्रचिन्ह देण्यात आले आणि मार्गांना रंग. चापुल्तेपेक स्थानकाचे चिन्ह नाकतोडा आहे. पिनो सुआरेझ स्थानकाच्या खोदकामात वायुदेवता एहेकात्ल हिचे छोटेसे अॅझटेक देवालय सापडले, ते जागीच जपले गेले आणि तेच त्या स्थानकाचे चिन्ह झाले. ही चिन्हे सुंदर आहेत म्हणून टिकली नाहीत. त्या परिसरातील माणसाला आधीपासून ठाऊक असलेली वस्तू, प्राणी किंवा इमारत त्यांत आहे, त्यामुळे चिन्ह पाठ करावे लागत नाही, म्हणून ती टिकली. परिसर पायाखालून घातल्याशिवाय अशी निवड करता येत नाही. चित्रांतून आकडेवारी सांगणारी ‘आयसोटाइप’ ही पद्धत १९२० च्या दशकात व्हिएन्नात जन्मली, आणि तिच्या एक प्रमुख शिल्पकार मारी नॉयरात यांनी १९५० च्या दशकात पश्चिम नायजेरियाच्या सरकारसाठी काम करताना तिथे जाऊन, तिथल्या माणसांना चित्रे दाखवून ती बदलली, हेही याच जातीचे उदाहरण आहे. जगभर सर्वांना कळावी म्हणून घडवलेली भाषासुद्धा गावोगाव तपासून घ्यावी लागते.

भारतात या विचाराला संस्थात्मक आधार मिळण्याची सुरुवात झाली ती १९५८ साली. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर फिरून जो अहवाल दिला, त्यात एका साध्या लोट्याचा विचार अतिशय गंभीरपणे केलेला आहे: तो डोक्यावर, कमरेवर, हातात कसा पेलतो, त्यात काय भरले जाते, तो घासायला कसा आहे, आणि असा आकार एका माणसाच्या हातून न होता पिढ्यांच्या वापरातून कसा सिद्ध होतो. त्या अहवालाच्या पाठोपाठ १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय संकल्पन संस्था उभी राहिली आणि तिच्या अभ्यासक्रमात कारागिरांच्या वस्तीत राहून त्यांच्या कलेची सविस्तर नोंद करणे हा भाग रुजला. पुढे १९६५ साली बाझलचे ग्राफिक डिझाइनर आर्मिन हॉफमान तिथे शिकवायला आले. तिथल्याच महेंद्र पटेल यांनी बाझलला जाऊन शिक्षण घेतले, पॅरिसमध्ये मुद्राक्षरकार आद्रियाँ फ्रुटिगर यांच्याबरोबर काम केले आणि परतून भारतीय लिप्यांच्या मुद्राक्षरांसाठी आयुष्य वेचले. दूरचा प्रवास निरुपयोगी असतो असे येथे मुळीच म्हणायचे नाही. पण तो काही निवडक विद्यार्थ्यांच्या आवाक्यात असतो, आणि अभ्यासक्रम सर्वांसाठी असतो.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या इतिहासात तर मुक्कामी क्षेत्राभ्यासाचा दाखला याहून किती तरी जुना आहे. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी हंगामामागून हंगाम अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांपैकीच एक. त्या मुलांच्या हाताला आलेली रेषा केवळ पाहून आलेली नव्हती, ती महिनोन्‌महिने भिंतीसमोर उभे राहून आलेली होती. परंतु या कामाची दुसरी बाजूही तितकीच शिकवण देणारी आहे. प्रतिकृती लंडनला पाठवण्यात आल्या, त्यांपैकी अनेक १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात लागलेल्या आगीत नष्ट झाल्या, आणि १८९६ पासून जे भव्य खंड प्रसिद्ध झाले ते ग्रिफिथ्स यांच्या नावाने ओळखले जातात. ज्या प्रदेशात अभ्यास झाला तिथे त्याची एक प्रत राहिली पाहिजे, आणि ज्यांचे हात राबले त्यांची नावे त्या प्रतीवर असली पाहिजेत, असा नियम करण्यास एवढा एक प्रसंग पुरेसा आहे.

प्रवासाने पाहुणा बदलतो, तसे यजमानही बदलतात, आणि या बदलाची जबाबदारी पेलणे हा प्रशिक्षणाचा भाग मानला गेला पाहिजे. १९६६-६७ च्या दुष्काळात हस्तकला क्षेत्रातील कार्यकर्त्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना बिहारच्या मिथिला भागात पाठवले. तिथल्या स्त्रिया लग्नकार्यात घराच्या भिंतींवर जी चित्रे काढत ती कागदावर काढल्यास विकता येतील आणि घरात अन्न येईल, हा त्यामागचा हेतू होता. पुढे याच कुलकर्णींनी डहाणूच्या वारली पाड्यांतही कागद नेला, आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे यांच्या हाताने वारली चित्र जगभर पोहोचले. त्याआधी ते चित्र मुख्यतः सवाशिणींच्या हातचे, लग्नाच्या चौकाचे, म्हणजे देवतेच्या चौकोनी चित्राचे, तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर काढलेले आणि विधी संपला की हेतू पूर्ण झालेले असे होते. कागदामुळे रोजगार आला, कलावंताला नाव मिळाले. त्याचबरोबर चौकातील देवता आणि तिच्याभोवतीचा विधी मागे पडून नाचणाऱ्या आकृत्यांची साखळी तेवढी पिशव्यांवर, कपांवर आणि सरकारी इमारतींच्या कुंपणांवर उमटत राहिली. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावाचा व्यापारी वापर त्या प्रदेशाशी कायद्याने जोडला गेला. तरी आजही उपयोजित कलेचा विद्यार्थी एखाद्या कामासाठी ‘वारली शैली’ वापरतो तेव्हा त्याने एकही चौक पाहिलेला नसतो, हे दुःखद आहे. पाड्यावर लग्नाच्या हंगामात राहिलेल्या विद्यार्थ्याला काय वापरावे याइतकेच काय वापरू नये हे कळेल.

खर्चाचा प्रश्न सर्वप्रथम विचारला जाईल, आणि त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या नकाशातच आहे. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला कन्नड पाट्यांसाठी फार दूर जावे लागत नाही. निपाणी आणि बेळगाव शेजारीच आहेत. सोलापुरात तेलुगू विणकरांच्या वस्त्या आहेत. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे मराठवाड्यातच गुरुमुखी नांदते. नंदुरबारपलीकडे गुजराती सुरू होते. मालेगाव आणि भिवंडीच्या गल्ल्यांत उर्दू आहे, उल्हासनगरात सिंधी आहे, माटुंग्यात तमिळ आहे. मुंबईच्या फोर्ट भागातील गुजरातीचा इतिहास तर छपाईच्याच इतिहासाशी जोडलेला आहे, कारण फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ साली गुजराती छापखाना मुंबईतच काढला आणि १८२२ साली मुंबई समाचार सुरू केले. सावंतवाडीच्या मुलाला गोव्यात गेल्यावर पणजीच्या फोंतैन्यास भागात निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांवर पोर्तुगीज वळणाची रस्त्यांची नावे दिसतील. १५५६ साली भारतातले पहिले मुद्रणयंत्र ज्या गोव्यात आले, तिथेच थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन अक्षरांत का छापावे लागले, हा प्रश्न त्याला तिथे उभे राहिल्यावर पडेल. उत्तर साधे आहे: देवनागरीचे खिळे तेव्हा उपलब्ध नव्हते. तंत्राच्या एका उणिवेने एका भाषेचे दृश्यरूप कसे बदलते, हे समजायला याहून जवळचे उदाहरण नाही.

अशा शेजारच्या लिप्यांत राहून नेमके काय शिकता येते, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. देवनागरीची ओळ शिरोरेखेला लोंबते, म्हणजे अक्षरांचा आधार वर असतो आणि खालची बाजू असमान राहते. रोमन अक्षरे तळाच्या अदृश्य रेषेवर उभी राहतात. उर्दूच्या नस्तालीक वळणात प्रत्येक शब्द उजवीकडे वरून सुरू होऊन तिरका खाली उतरतो, त्यामुळे ओळ ही रेषा न राहता उतरणींची मालिका बनते. कन्नड आणि तेलुगूत गोलाई प्रबळ आहे. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने आडवी सरळ रेघ ओढली तर पान तंतूंच्या दिशेने फाटे, म्हणून ही गोलाई आली असे सामान्यतः मानले जाते. रोमनसाठी टाकाचे टोक ज्या बाजूला तिरके छाटतात त्याच्या उलट बाजूला देवनागरीसाठी बोरू छाटावा लागतो, त्यामुळे अक्षरातील जाड आणि बारीक भाग निराळ्या जागी पडतात. पुस्तकातून हे सगळे वाचता येते, पण मालेगावच्या एखाद्या कातिबासमोर, म्हणजे उर्दू सुलेखन करणाऱ्यासमोर, आठवडाभर बसून कलम धरणाऱ्या विद्यार्थ्याला ‘ओळ’ या कल्पनेकडे पुन्हा मुळापासून पाहावे लागते. परतल्यावर देवनागरीच्या दोन ओळींत किती जागा सोडायची हा निर्णय तो सवयीने घेत नाही.

या ज्ञानाची गरज आज राज्याच्या रस्त्यांवर उघड दिसते. दुकाने व आस्थापनांविषयीच्या कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने मराठी नामफलक सर्वांना बंधनकारक झाले, मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत असे ठरले, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. कायद्याने आकार ठरवला. दर्जा कायदा ठरवू शकत नाही. देवनागरीला मात्रा आणि रफारासाठी वर, उकारासाठी खाली जागा लागते, म्हणून रोमनइतक्याच उंचीच्या पट्टीत तिला बसवले की अक्षराचे मूळ अंग आकसते आणि कागदोपत्री समान असलेली मराठी डोळ्यांना लहान दिसते. त्यात फलकांवर मराठीऐवजी हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ सर्रास येतात, कारण संगणकावर हाताशी असलेल्या अक्षरसंचात तेच असतात, जरी २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची वळणे निश्चित केलेली आहेत. फ्लेक्सच्या छपाईपूर्वी गावोगावचे पेंटर हे प्रश्न रोज सोडवत. खडूच्या दोरीने रेघ मारून, दुकानाच्या पट्टीची उंची पाहून ते शिरोरेखा कुठे घ्यायची हे ठरवत. हनीफ कुरेशी यांनी देशभरातील अशा पेंटरांची अक्षरवळणे गोळा करून त्यांच्याच नावाने संगणकीय अक्षरसंच केले, ते या विद्येचा आदर कसा करावा याचे उत्तम उदाहरण आहे. प्रत्येक तालुक्यात आज असा एखादा वयस्क पेंटर असतो, आणि त्याच्या हाताखाली महिनाभर काम करणे हा क्षेत्राभ्यासाचाच भाग मानला जावा.

दोन ठिकाणांचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा. पहिले सावंतवाडी. तेथील चितारींनी केलेला दशावतारी गंजिफांचा संच म्हणजे गोल पत्त्यांचा एक खेळ: दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात राजा, वजीर आणि एक ते दहा असे बारा, म्हणजे एकूण १२० पत्ते. पर्शियाकडून मोगलांबरोबर आलेला खेळ येथे दशावतारात रुजला, हे सांस्कृतिक देवघेवीचे उदाहरण तर आहेच; पण संकल्पनाच्या दृष्टीने त्याहून मोलाचे असे की या १२० पत्त्यांवर एकही अक्षर लिहिण्याची गरज पडत नाही. गट पार्श्वभूमीच्या रंगाने आणि मासा, कासव, कमंडलू, परशू अशा चिन्हांनी ओळखायचा, आणि किंमत त्या चिन्हाच्या संख्येने. हातात पंख्यासारखे धरले की प्रत्येक गोल पत्त्याचा कडेचा तुकडाच दिसतो, म्हणून रंग कडेपर्यंत भरलेला हवा आणि दहाव्या पत्त्यावर दहा मासे मोजता येतील इतके सुटे हवेत. चिंचोक्याच्या खळीने तयार केलेल्या पृष्ठावर आणि लाखेच्या झिलईखाली ही व्यवस्था हाताने रंगवताना चितारीला ज्या निवडी कराव्या लागतात, त्याच निवडी मोबाइलच्या पडद्यावरील चिन्हे करणाऱ्याला कराव्या लागतात. विसाव्या शतकात ही कला लोप पावत असताना सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः राजमाता सत्वशीलादेवी भोसले यांनी, तिला आश्रय दिला, म्हणून आजचा विद्यार्थी ती जिवंत पाहू शकतो.

दुसरे ठिकाण तंजावर, आणि तिथे विद्यार्थ्याची भूमिका उलटते. बृहदीश्वराच्या मंदिरात अकराव्या शतकातील चोळांचे तमिळ लेख आहेत, आणि त्याच आवारात तिथले राजे सरफोजी दुसरे यांनी १८०३ साली कोरवलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी इतिहास देवनागरीत आहे. तमिळ अक्षरासमोर मराठी विद्यार्थी निरक्षर असतो, आणि पुढच्या भिंतीसमोर तिथल्या बहुसंख्य भाविकांना जे वाचता येत नाही ते तो वाचू शकतो. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद आहेत, आणि याच सरफोजींच्या छापखान्यात १८०६ साली इसापनीतीचे मराठी रूप असलेली ‘बालबोध मुक्तावळी’ छापली गेली. महाराष्ट्रात गणपत कृष्णाजींचे मराठी पंचांग छापले जाण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. देवनागरी मुद्रणाचा अभ्यास करणाऱ्याने तंजावर पाहिलेच पाहिजे, इतकेच नव्हे तर त्या भिंतीवरील मराठी लेखाची ओळख तिथल्या भाविकाला तमिळमधून करून देणारा फलक त्याने तमिळ सहकाऱ्याच्या मदतीने तयार करावा. वाचता येणारा न वाचता येणाऱ्याचे काय देणे लागतो, हे त्या कामातून आपोआप स्पष्ट होईल.

या सगळ्याला प्रशासकीय चौकट नव्याने उभारावी लागणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांच्या नव्या रचनेत क्षेत्र प्रकल्प, लोकसहभाग आणि कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक दिलेले आहेत. त्याच धर्तीवर उपयोजित कलेतील श्रेयांक तिसऱ्या वर्षात एकत्र करून सलग सहा आठवडे मोकळे करता येतील. निवास आणि भोजनाचा भार महाविद्यालयांच्या परस्पर अदलाबदलीने हलका होईल: नांदेडचे विद्यार्थी हैदराबादच्या कलामहाविद्यालयात आणि तिथले नांदेडला, धुळ्याचे बडोद्याला आणि बडोद्याचे धुळ्याला. विद्यार्थिनींच्या बाबतीत पालकांची काळजी खरी आहे, आणि ती दूर करण्याचा मार्ग त्यांना सूट देणे हा नसून वसतिगृह, सोबत शिक्षिका आणि यजमान संस्थेची लेखी जबाबदारी हा आहे. अन्यथा क्षेत्राभ्यास मुलांचा आणि वर्गातला प्रकल्प मुलींचा अशी विभागणी होईल, आणि ती कोणत्याही परिस्थितीत होऊ देता कामा नये. शिक्षण चालू ठेवण्यासाठी काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना सहा आठवड्यांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई शिष्यवृत्तीतून मिळावी. काहींना हे अतिरिक्त वाटेल, पण त्याशिवाय ही योजना सुखवस्तू घरांतील मुलांची सहल बनेल.

मूल्यमापनाविषयी मात्र तडजोड नसावी. आज विद्यार्थ्याचे काम वर्गातील शिक्षक आणि बाहेरून आलेले परीक्षक पाहतात, आणि दोघेही त्याच परंपरेत घडलेले असतात. क्षेत्राभ्यासात ज्याच्या हाताखाली विद्यार्थी राहिला तो पेंटर, कातिब, चितारी किंवा छापखानदार हा परीक्षक असावा, त्याला इतर परीक्षकांइतकेच मानधन मिळावे आणि त्याच्या गुणांना निम्मे वजन असावे. विद्यार्थ्याने केलेला फलक, चिन्ह किंवा पुस्तिका तिथल्या किमान काही वाचणाऱ्या आणि काही न वाचणाऱ्या माणसांसमोर ठेवून त्यांना काय कळले याची नोंद करणे हे बंधनकारक असावे, आणि त्यांना काहीच कळले नाही तर ती नोंदही प्रामाणिकपणे मांडल्याबद्दल गुण मिळावेत. प्रत्येक अभ्यासाची एक प्रत, यजमानांच्या भाषेतील सारांशासह, त्यांच्याकडे ठेवावी, आणि तिच्यावरील नावांत त्यांची नावे पहिली असावीत.

आठवडे किती, श्रेयांक किती, पहिली तुकडी कोणत्या महाविद्यालयांची, खर्चाची वाटणी कशी, या सर्व बाबतींत बदल सुचवणे हा अभ्यास मंडळांचा अधिकारच आहे, आणि त्यांच्या अनुभवाने हा आराखडा सुधारेल यात शंका नाही. विनंती इतकीच आहे की, हा विषय येत्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या बैठकीत कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि बदल करताना दोन तरतुदी गळू देऊ नयेत: अनोळखी लिपीची अट, आणि यजमान कारागिराच्या हाती असलेले निम्मे गुण. पहिली गेली तर ही पुन्हा सहल होईल. दुसरी गेली तर वारली पाड्यांवर आणि अजिंठ्यात जे घडले तेच पुन्हा घडेल.